अण्णांच्या भिंतीवरची जळमटं

माणूस शेवटी आपल्या मातृभाषेकडेच परत जातो.

हे वाक्य मी एकदा भाषा दिनाच्या कार्यक्रमात, खांद्यावर शाल घेऊन, माइकसमोर म्हटलेलं आहे. म्हणून झाल्यावर जेवढं थांबायचं असतं तेवढी थांबलेही होते. पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी रुमाल काढला. पुरावा म्हणून मी माझ्या वडिलांचं उदाहरण दिलं होतं. ते स्वतः सभागृहात नव्हते, घरी खुर्चीत बसून होते, आणि पुरावा आधी नीट तपासून घ्यावा हे मला सुचलं नाही. भाषण पुढे स्मरणिकेत छापून आलं. स्मरणिकेत दुरुस्ती छापायची पद्धत नसते, कारण ती कुणी वाचत नाही. म्हणून दुरुस्ती इथे करते आहे.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वाचकांपेक्षा पुस्तकं जास्त असल्यामुळे मला वाचायला भरपूर वेळ मिळतो, आणि भाषणाला बोलावतात तेही त्यामुळेच. आम्ही नाशिकला जेलरोडला राहतो. हे नुसतं भागाचं नाव आहे, असं बाहेरगावच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. खालच्या मजल्यावर आईवडील आणि वरच्या मजल्यावर आम्ही, अशी व्यवस्था होती. माझी मुलगी तेव्हा नववीत होती आणि खाली-वर करण्याच्या निमित्ताने दिवसभर जिन्यातच असायची.

माझे वडील, म्हणजे अण्णा, हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण शर्टाच्या खिशातलं लाल पेन सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका काढायचे, मग मुहूर्त बघायचे. सकाळचं वर्तमानपत्र ते वाचायचे म्हणण्यापेक्षा तपासायचे. आमच्या हाती पडायचं तोवर ते नापास झालेलं असायचं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने त्यांच्या सांगण्यावरून पाटी दोनदा रंगवून घेतली आणि तिसऱ्या वेळी काढूनच टाकली.

त्यांचं गाव सटाण्याच्या पलीकडे. तिथून ते अठराव्या वर्षी शिकायला नाशिकला आले आणि त्यांची अहिराणी बहुधा एसटीतच राहिली. घरात आम्ही तिचा एक शब्द कधी ऐकला नाही. वर्गात बागलाणकडचा, म्हणजे त्यांच्याच भागातला, एखादा मुलगा शाळेला ‘शाया’ म्हणाला, की त्याच्याकडून दहा वेळा ‘शाळा’ म्हणून घ्यायचे. फक्त गावाकडून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, माझ्या आत्याचा, फोन आला की ते उठायचे, फोन घेऊन गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. तेव्हा फोन वायरचे होते. वायर गॅलरीपर्यंत पुरावी म्हणून त्यांनी मुद्दाम लांब बसवून घेतली होती. पुढे मोबाइल आला, तरी गॅलरी कायम राहिली.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्याच्या आधीच्या दिवाळीत चष्म्याच्या दुकानात एका फ्रेमवर दुसरी फुकट अशी योजना होती. अट एकच, दोन्ही फ्रेमा एकसारख्या. अण्णांनी आणि आईने एकदमच नवे चष्मे केले. तपकिरी, जाड काडीचे.

“शोभतात का आपल्याला एकसारखे?” आई म्हणाली. “लग्नात पत्रिका जुळवली तेव्हासुद्धा इतकं जुळलं नव्हतं.”

“जुळणं आणि सारखं असणं यात फरक आहे,” अण्णा म्हणाले. त्यांना साध्या वाक्याचं साधं उत्तर देता येत नसे.

त्याच सुमारास मुलगी एका शिबिराला गेली. एका मंगल कार्यालयात दिवसभराचं स्मरणशक्तीचं शिबिर होतं आणि पालकांना प्रवेश होता, म्हणून मीही गेले. वक्ते कानाला लावायचा माइक घालून प्रेक्षकांच्या मधून चालत आले. आपण आपला मेंदू जवळजवळ वापरतच नाही, असं त्यांनी समोरच्या सगळ्या पालकांना सांगितलं आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माइंड मॅप शिकवला. कागद आडवा धरायचा, मधोमध विषय लिहायचा, त्याला गोल करायचा आणि चारी बाजूंना फांद्या काढत जायच्या. प्रत्येक फांदीला वेगळा रंग, आणि प्रत्येक फांदीवर एकच शब्द. युक्ती वाईट नव्हती. दहा मिनिटांत सांगून होण्यासारखी होती, पण मग जेवण कुठे ठेवणार? शेवटी एक फाइल, सहा स्केचपेनं आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर एक मेंदू होता आणि तो हसत होता.

मुलीने मात्र ते मनावर घेतलं. वर आमच्याकडे भिंतीला ओल होती, म्हणून खाली अण्णांच्या बैठकीची भिंत तिने ताब्यात घेतली. इतिहास, पेशींचे प्रकार, इंग्रजी शब्द. ‘मार्केट’ मधोमध लिहून त्याच्याभोवती भाजीपासून भांडणापर्यंत सगळं इंग्रजीत मांडलेलं. चार्टपेपर एकाशेजारी एक लागत गेले.

अण्णा खुर्चीत बसून बघत होते. “ही काय जळमटं?”

“जळमटं नाहीत आजोबा, माइंड मॅप आहे.”

“जळमटं काढायची असतात. भिंतीवर डकवायची नसतात.”

“मेंदू असाच विचार करतो. फांद्या-फांद्यांनी.”

“तुझा करत असेल. माझा रांगेत करतो.”

ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, “म्हणूनच तुमच्या मुद्द्याचा नंबर येईपर्यंत ऐकणारा निघून गेलेला असतो.” अण्णांनी लाल पेन काढलं आणि ‘पेशींचे प्रकार’मधल्या दोन चुका दुरुस्त केल्या. म्हणजे त्यांनी तो चार्ट मान्य केला, असं आम्ही समजलो.

जानेवारीत एका सकाळी अण्णा दाढी करता करता थांबले. उजवा हात खाली आला आणि आरशातल्या माणसाचं नाव आठवत नसल्यासारखे ते त्याच्याकडे बघत राहिले. पक्षाघात होता. नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. आईने घाईघाईत पिशवी भरली: टॉवेल, पेला, दोन चष्मे, एक सतरंजी. रात्री आई, दिवसा मी. पाय लवकर सुधारला, हात हळूहळू सुधारू लागला, पण शब्द परत येईनात. समोरचा काय म्हणतो ते त्यांना कळायचं. उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि शब्द जिथे ठेवलेला असायचा तिथे नसायचा. मग ते तोंड मिटून घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासलेला माणूस चुकीचा शब्द बोलायला तयार नव्हता.

घरी आल्यावर मी वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हाताने धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पेपर दिलाच नाही. डॉक्टर म्हणाले, “वाचनावरही परिणाम झालेला दिसतो. होतं असं. वेळ द्या.”

त्या दिवसांत आमच्यापुढे एकच प्रश्न होता: अण्णा परत वाचतील का? बोलणं थोडं कमी झालं असतं तर चाललं असतं, आईच्या मते तर बरंच झालं असतं. पण ज्याला पाटीसुद्धा वाचता येत नाही अशा माणसाला अण्णा म्हणायचं कसं, ते आम्हाला माहीत नव्हतं. रोज सकाळी पेपर यायचा आणि दुपारपर्यंत तसाच घडी घातलेला, एकही लाल रेघ नसलेला, पडून असायचा. इतका स्वच्छ पेपर मला तोवर अशुभ वाटला नव्हता.

आईचंही काही धड नव्हतं. तिचं डोकं सतत दुखायचं. पोथी उघडायची आणि मिटायची. “जागरणं झाली ना, डोळ्यांसमोर सगळं हलतं,” म्हणायची. जेवताना भातात खडे लागू लागले. आईने वाण्याला फोन करून झाडलं, “तीस वर्षं तुमच्याकडून तांदूळ नेतो, आणि आता घरात माणूस आजारी असताना खडे देता?” वाण्याने माफी मागून दुसरे तांदूळ पाठवले. त्यातही खडे होते.

वाचाउपचारासाठी एक तरुण मुलगी स्कूटरवरून आठवड्यातून दोनदा येऊ लागली. अण्णांना ती ‘सर’ म्हणायची, कारण तिची मावशी त्यांची विद्यार्थिनी होती. तिच्याकडे चित्रांचा गठ्ठा होता. सफरचंद, छत्री, घोडा, इग्लू. अण्णा इग्लूकडे बराच वेळ बघत बसले.

“हे काय आहे, सर?”

अण्णांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जेलरोडला इग्लूची गरज क्वचितच पडते. तिलाही ते पटलं असावं. ती म्हणाली, “ताई, असं करा. त्यांच्या रोजच्या वस्तूंची जाळी करा. मधे एक जागा, भोवती तिथल्या वस्तू. एक शब्द सापडला की शेजारचा ओढला जातो.”

“म्हणजे माइंड मॅपच की!” जिन्यातून माझी मुलगी ओरडली आणि चार्टपेपर आणायला वर धावली.

पहिला नकाशा स्वयंपाकघराचा झाला. मधोमध ओटा, भोवती तवा, पेला, पातेलं, भाकरी, केळी. मुलीने चित्रं मोठी काढली आणि खाली काळ्या पेनने ठसठशीत शब्द लिहिले. पेशींच्या शेजारी तो नकाशा लागला. रोज संध्याकाळी ती अण्णांना फांदीवरून बोट फिरवत न्यायची. पहिल्या आठवड्यात ‘पेला’ आला. दुसऱ्या आठवड्यात पेला गेला आणि ‘तवा’ आला. मुलगी शिबिराच्या त्या फाइलमागे रोजचा हिशोब लिहून ठेवायची. मला तो बघवायचा नाही.

फेब्रुवारीत आत्या आली. सटाण्याहून एसटीने, कांद्याची पिशवी घेऊन. चपला काढायच्या आधीच ती थेट भावासमोर जाऊन उभी राहिली.

“भाऊ, माले वयखं का?”

ओळखलंस का, असं ती विचारत होती. अण्णांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. आम्ही सगळे सवयीने दुसरीकडे बघू लागलो, कारण शब्द सापडला नाही की त्यांना कुणी बघितलेलं आवडायचं नाही.

“बठ,” अण्णा म्हणाले.

बस म्हणाले होते. पाच आठवड्यांत कुणी न शिकवलेला, न विचारलेला, आपणहून आलेला तो पहिला शब्द होता. आत्या बसली आणि त्यांचा हात धरून रडायला लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. “काबरं?” ते म्हणाले. का रडतेस?

“काबरं म्हणे!” आत्या पदराने नाक पुसत म्हणाली. “साठ वरीस झाले, हाऊ माणूस मन्हासंगे दार लावीसन बोलस. आते सगळास्ना समोर बोलना, म्हणीसन रडस.”

ती पंधरा दिवस राहिली. भिंतीवरचा नकाशा बघून तिने विचारलं, “हाई काय शे?” मुलीने समजावलं. आत्याने चार शब्द ऐकून घेतले आणि नापास केले. “केळी काय? केयी म्हन ना त्याले.” मुलीने हिरवं पेन आणलं. प्रत्येक काळ्या शब्दाखाली आत्या सांगेल तो हिरवा शब्द आला. दुसरा चार्ट घराबाहेरचा झाला, तिसरा नातेवाइकांचा. त्यात मी ‘आंडेर’ होते, म्हणजे लेक. पन्नाशीला आल्यावर मला कळलं की वडिलांच्या भाषेत मला काय म्हणतात. संध्याकाळी आत्या कांदे निवडत बसायची आणि एकेक शब्द भावाकडे फेकायची. भाऊ दुसरा शब्द परत फेकायचा. मुलगी धावत जाऊन त्याची फांदी काढायची. त्या भिंतीवर शेवटी शेवटी रिकामी जागा उरली नव्हती, आणि मला वाटतं, त्या घरात तितकी बडबड त्याआधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

मी मात्र शिकण्यापेक्षा अर्थ लावण्यात गुंतले होते. वाचलेल्या माणसाला ती खोड असते. बोलणं परत येत होतं, पण वाचन अजून नव्हतंच. मुलीने काळा शब्द दाखवला की अण्णा बघायचे, चष्मा काढायचे, तो त्या काळ्या शब्दावर ठेवायचे आणि मान हलवायचे. “नही,” म्हणायचे. “नही.” हे मी रोज बघत होते. आणि एका संध्याकाळी मला अर्थ सापडला. ज्या प्रमाण भाषेसाठी त्यांनी आपली बोली गॅलरीत कोंडली, त्या भाषेला ते आता नकार देत होते. चष्मा काढणं म्हणजे ती नजरच उतरवून ठेवणं.

मी हे आईला सांगितलं. आई कपाळाला बाम चोळत होती. “असेल,” ती म्हणाली.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “त्याले चहा दे.”

म्हणून मी ते सभागृहात सांगितलं. तिथे कुणी डोकं दुखत असलेलं किंवा चहा मागणारं नव्हतं. हिरव्या शब्दांची गोष्ट सांगितली, काळ्या शब्दावर ठेवलेल्या चष्म्याची सांगितली, आणि मग ते वाक्य म्हटलं. प्राचार्यांचा रुमाल मी आधीच सांगितला आहे. शाल चांगली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात उपचार करणारी मुलगी म्हणाली, “आता सरांचा स्वतःचा नकाशा करू. मधे माणसं, भोवती वस्तू. रेघा सरांनी काढायच्या. कुणाचं काय, ते जोडायचं.” माझ्या मुलीने मधोमध दोन मोठी वर्तुळं काढली. एकात मिशा असलेले अण्णा, एकात मोठं कुंकू लावलेली आई. भोवती काठी, लाल पेन, अडकित्ता, पोथी, चष्मा, तांदळाचं ताट. सगळी चित्रं हाताच्या पंजाएवढी. अण्णांच्या डाव्या हातात स्केचपेन दिलं. आत्या आणि मी बाजूला बसलो.

काठीवरून रेघ निघाली आणि थरथरत अण्णांपर्यंत आली. लाल पेन, अण्णा. अडकित्ता, अण्णा. पोथी, आई. तांदळाचं ताट, आई. मग पेन चष्म्यावर आलं. तिथे ते थोडा वेळ थांबलं. आणि तिथून रेघ निघाली ती अण्णांना वळसा घालून, सरळ आईकडे गेली.

“हे चुकलं,” उपचार करणारी मुलगी हळूच म्हणाली. “पण बाकीचे सगळे बरोबर आहेत, ताई. फारच चांगलं.”

“चुकलं नाही,” मी म्हणाले. “त्यांना म्हणायचंय की आता ते तिच्या डोळ्यांनी बघतात.”

मी फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली हेच वाक्य लिहिलं. मिनिटभरात हात जोडलेले अकरा आणि डोळ्यांत पाणी आलेले सात चेहरे आले. पुण्याच्या मावसभावाने लिहिलं, ‘प्रेम याला म्हणतात.’ तो गेली चार वर्षं बायकोशी बोलत नव्हता.

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी भाषणात मराठीची मोठी चूक केली असती तर त्यांनी जसं बघितलं असतं, तसं. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि डाव्या हाताने स्वयंपाकघराच्या दिशेला धरला. “नही,” ते म्हणाले.

“वहिनी,” आत्याने हाक मारली, “जरा आठे ये. हाऊ काय म्हनस दखी ले.”

आई तांदूळ निवडत होती. ताट हातात घेऊनच बाहेर आली. “काय झालं?”

अण्णांनी चष्मा तिच्यापुढे धरला. गेले सहा-सात आठवडे ते तो पेपरवर, पुस्तकावर, काळ्या शब्दांवर ठेवत होते, आणि आम्ही तो उचलून पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवत होतो. आईने ताट खाली ठेवलं, स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि अण्णांच्या हातातला घातला. सवयीने तिने खाली ताटाकडे पाहिलं.

“अगं बाई,” आई म्हणाली. “खडे!”

ती तिथेच खाली बसली आणि एकेक करून खडे वेचायला लागली. एक, दोन, पाच, सात. आम्ही उभे राहून बघत होतो. मग आई हसायला लागली, आत्या हसायला लागली, आणि उपचार करणारी मुलगी, जिने तोंडावर वही धरली होती, तीही. दवाखान्यातल्या उशाशी दोन सारख्या फ्रेमा होत्या आणि घाईत उचलणाऱ्याने हाताला येईल ती उचलली होती. फ्रेम सगळे बघतात, काच कुणी बघत नाही.

माझ्या मुलीने आईचा सुटलेला चष्मा उचलला, फ्रॉकला पुसला आणि अण्णांच्या डोळ्यांवर घातला.

अण्णांनी मान वर केली. समोर भिंत होती. एका टोकाला पेशी, मधे स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला ‘मार्केट’. काळं, हिरवं, लाल, निळं, एकमेकांत अडकलेलं. ते डावीकडून उजवीकडे सावकाश बघत गेले. त्यांचे ओठ हलत होते. ते वाचत होते, हे आम्हाला ओठांवरून कळलं.

“जळमटं,” अण्णा म्हणाले.

त्यातला ‘ळ’ अगदी स्वच्छ होता. तसा ‘ळ’ अहिराणीत मिळत नाही. मातृभाषेकडे परत गेलेला माझा पुरावा, चष्मा मिळताच, पहिल्या एसटीने नाशिकला परत आला होता.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. काय हवं होतं ते कुणाला विचारावं लागलं नाही. आईने लाल पेन दिलं.

अण्णांचं वाचन पूर्ण परतलं नाही. मोठ्या अक्षरांचे मथळे वाचायचे, मजकूर सोडायचे. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरवर तीन वाकड्या लाल रेघा होत्या आणि आई तो पेपर घेऊन शेजारी दाखवून आली. बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं झालं. डॉक्टरांशी शुद्ध, बहिणीशी अहिराणी, आणि रागावले की दोन्ही मिळून. आत्या गावी परतली, तिचा फोन यायचा, आणि अण्णा तो बैठकीतच, सगळ्यांसमोर घ्यायचे. गॅलरी मोकळी झाली. आईने तिथे कपडे वाळत घालायला दोरी बांधली. माझ्या भाषणात काही खरं असेलच तर ते तेवढं आहे, आणि ते भाषणात नव्हतं.

स्मरणिका जूनमध्ये आली. मी ती लपवून ठेवली होती, पण अण्णांना छापील कागदाचा वास लागायचा. माझ्या लेखाचा मथळा त्यांनी वाचला, पहिलं वाक्य वाचलं. खूप वेळ लागला. मग डाव्या हाताने समासात एक लाल प्रश्नचिन्ह काढलं. वर्गात पुरावा न देता मोठं बोलणाऱ्या मुलाच्या वहीत काढायचे तसं.

मुलीने पुढे दहावीचा अभ्यास त्याच भिंतीवर केला. आता ती बाहेरगावी शिकते आणि लॅपटॉपवर नकाशे काढते. त्यांना फांद्या असतात, पण टाचण्यांची भोकं पडत नाहीत. अण्णा गेले त्याला तीन वर्षं झाली. आईने भिंत रंगवून घ्यायला नकार दिला होता, मग गेल्या वर्षी ओल खालीही उतरली आणि नाइलाज झाला. चार्ट गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. कधी कधी मी ते उघडते. ‘आंडेर’ या शब्दाची फांदी हिरवी आहे आणि तिला पुढे मुलीने स्वतःचं नाव लिहिलेलं आहे.

दोन्ही चष्मे अजून आईजवळ आहेत. त्याच दिवशी संध्याकाळी तिने अण्णांच्या चष्म्याच्या काडीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ठिपका मरून रंगाचा आहे. घरात तेवढी एकच बाटली होती.